अळणी वरण

आता माझ्या वरणाला कोणी नावं ठेवत न्हाई. सुना गपगुमान खातात. असल्या जेवणात काय मजा, सांगा. माझी थोरली जाऊ मिराबाई होती, तवा पहिल्याच घासाला कुरकुर सुरू व्हायची.

आमच्या कुरुंदा गावातली ती वर्षं, नव्वद सालाच्या पुढची. हळद शिजायला लागली की मिराबाईच्या अंगात वारं भरायचं. झोप न्हाई, काही न्हाई. एका दिवसात सगळं घर शेणामातीनं पोतारायची आणि साऱ्या गल्लीला जेवायला बोलवायची. मग एकदा जी भिंतीकडं तोंड करून पडली, ती उठंचना. नांदेडचा डॉक्टर म्हणाला, हा मनाच्या चढउताराचा आजार हाय. गोळ्यांनी चढ आटोक्यात आला, पण उतारातून ती काही वर येईना. ताटात काहीबी वाढलं तरी कुरकुर न करता गिळायची. लोक म्हणायचे, नाटकं करते. जळो त्यांची तोंडं! शेवटी तिचे मालक, माझे थोरले दीर सटवाजीबी थकले. म्हणाले, औंदाची हळद वाळली की हिला कळमनुरीला माहेरी सोडतो, कायमची.

एकदा शेवटचं म्हणून नांदेडला गेलो. डॉक्टरनं रक्त तपासलं. म्हणाला, अंगात कुठंतरी सूज दिसते. अशी सूज असली की काहींना गोळी नीट लागू पडत न्हाई. खात्रीनं सांगत न्हाई, पण शोधा. आमी शहाण्यांनी तिचे पाय दाबून पाहिले, पोट दाबून पाहिलं.

ती दिवसभर एकच मागायची, मशेरी. मीच तव्यावर तंबाखू भाजून द्यायची. बाई काहीतरी मागते, ह्याचंच मला कौतुक. एक दिवस पाहिलं तर ती घासत नव्हती, बोट हिरडीवर नुसतं दाबून बसली होती. तोंड उघडायला लावलं. हिरड्या लालभडक, फुगलेल्या, पू धरलेला. मशेरीनं ठणका मरायचा, म्हणून लावून राहिली होती. आमच्यात सगळ्याच बाया लावतात, मग कोण कशाला बघतंय!

वसमतला नेऊन सडलेले दात काढले, हिरड्या बऱ्या केल्या. मनाच्या गोळ्या त्याच ठेवल्या. इकडं हळद निघाली, शिजली, वाळलीबी. सटवाजींनी तिची पिशवी भरली. निघायच्या दिवशी मी वरणभात कालवून तिच्यापुढं ठेवला. तिनं बोळक्या तोंडात घास घोळवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"रुक्मे, मीठ काहून न्हाई घातलं?"

घाईत खरंच विसरले होते. सटवाजींनी पिशवी परत खुंटीला अडकवली. मी रडत रडत तिच्याशी भांडले.

पुढं ती पुष्कळ वर्षं नांदली, माझ्या उरावर. आता ती न्हाई. कधीमधी मी मुद्दाम वरणात मीठ घालत न्हाई. सुना उठून वरून मीठ घेतात, पण बोलत मातर कोणी न्हाई.