खिशातल्या टाळ्या

ओरासिओ गेल्याची बातमी बेलला टीव्हीवाल्या एका पोरीकडून कळली. सकाळच्या कार्यक्रमातून तिचा फोन आला. आवाज गोड, पण घाई मासळीबाजारातली. "सर, तुमच्या बँडचे ओरासिओ काल गेले. दोन शब्द बोलाल? लगेच ऐकवतो आम्ही."

बेल आरशासमोर उभा होता, अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस. कसा गेला, कुठे गेला, कोण होतं जवळ, असं काहीतरी माणसानं विचारावं. पण लोक ऐकताहेत म्हटलं की बेलचा आवाज आपोआप खाली उतरायचा, जरा घोगरा व्हायचा. तसाच तो उतरला आणि म्हणाला, "माझा भाऊ गेला."

पोरीनं आभार मानले आणि फोन ठेवला. मग बेल न्हाणीतल्या टबाच्या काठावर बसला, फेस वाळून तोंड ताठ होईपर्यंत. या भावाशी तो चाळीस वर्षांत एक अक्षर बोललेला नव्हता.

बेलार्मिनो किंताश हे त्याचं पाळण्यातलं नाव. पण एवढं लांब नाव रेकॉर्डवर शोभत नाही म्हणून तो बेल झाला. लिस्बनहून नदीच्या पलीकडे, बारेरूच्या कारखान्यांच्या धुरात तो आणि ओरासिओ एकाच गल्लीत वाढले. मोहल्ल्याच्या क्लबात एका कोपऱ्यात म्हातारे डोमिनो आपटायचे, दुसऱ्या कोपऱ्यात ही पोरं गिटार घेऊन बसायची. बँडचं नाव त्यांनी ठेवलं 'व्हाझांत', म्हणजे ओहोटी. चाली ओरासिओच्या, गळा बेलचा. लिस्बनला कामाला जाणाऱ्या बायकांवर त्यांनी एक गाणं केलं, 'सहाची बोट', आणि ब्याऐंशी साली देशात असा एक रेडिओ उरला नाही ज्यावर ते वाजलं नाही. बेल तेव्हा तेवीस वर्षांचा होता. इतक्या लवकर नशीब उघडणं चांगलं नसतं, असं माझं मत आहे. पुढचं सगळं आयुष्य ते दार परत कधी उघडतंय याची वाट बघण्यात जातं.

दोन वर्षांनी कंपनीचा माणूस म्हणाला, "लोकांना चेहरा लागतो आणि चेहरा एकच आहे. बाकीच्यांना सोड." बेलनं ओरासिओला सांगितलं, एकच रेकॉर्ड एकट्यानं करतो आणि येतो परत. ओरासिओ गिटारची तार पिळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. बेल परत गेला नाही आणि ओरासिओनं बोलावलं नाही.

पुढे काय व्हायचं ते झालं. थोडे दिवस मोठी मैदानं, मग लहान सभागृहं, मग ऑगस्टातल्या गावजत्रा. संताची मिरवणूक चर्चमध्ये परतली की ट्रकवरच्या रंगमंचावर बेल चढायचा. अर्धी वाद्यं टेपवर, समोर सार्डिन मासे भाजायच्या शेगड्यांचा धूर, आणि फ्रान्सात कामाला गेलेले, सुट्टीला घरी आलेले लोक ओरडायचे, "अरे, बोटीचं म्हण! बोटीचं!" बेल नवीन गाणं म्हणायला लागला की तेच लोक बिअर आणायला उठायचे. बायको पोर्तोला माहेरी गेली ती तिकडेच राहिली. आता लिस्बनमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिन्यात लिफ्ट नाही, आणि खालच्या कॅफेतला पोऱ्या त्याला 'आजोबा' म्हणायचा. गेल्या ऑगस्टात तर एकाही जत्रेनं बोलावलं नाही.

त्याच्याकडे एक लकब तेवढी उरली होती. कार्यक्रम संपला, टाळ्या पडल्या की तो उजवा हात वर करायचा, हवेतून काहीतरी झडप घालून पकडल्यासारखी मूठ मिटायचा आणि ती मूठ खिशात घालायचा. लोकांच्या टाळ्या खिशात. ब्याऐंशी साली पोरी त्यावर किंचाळायच्या.

दुसऱ्या दिवशी काळा कोट घालून तो बोटीत बसला. वाटेत एकच विचार मनात होता, की ओरासिओला खांदा द्यायचा. बाकी काही नको. एवढं जमलं तर काहीतरी फिटेल, असं त्याला वाटत होतं. काय फिटेल, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

चर्चला लागून असलेल्या शवघराच्या दारात विर्जिलिओ सिगारेट ओढत उभा होता. हा त्यांचा बास गिटारवाला. पोट पुढे आलेलं, कंबर मागे गेलेली.

"आला, आला, राजा आला," विर्जिलिओ म्हणाला. "केस रंगवलेस का रे?"

"गप रे. आत कोण आहे?"

"कुस्तोदिया. सांभाळून जा. काल टीव्ही पाहिलाय तिनं."

कुस्तोदिया ओरासिओची मोठी बहीण. दोघंही बिनलग्नाचे, आईबापांच्या घरात शेवटपर्यंत एकत्र राहिले. पेटीच्या उशाशी खुर्चीवर ती बसली होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काळ्या शालीत, पाठ सरळ. पेटीवर क्लबचं निशाण पसरलेलं. बेल वाकला, तिच्या गालाला गाल लावायला गेला. तिनं गाल पुढे केला नाही.

"भाऊ म्हणालास म्हणे."

"कुस्तोदिया, मी..."

"मी त्याची सख्खी बहीण. मला कळलंच नाही बघ आमच्या घरात आणखी एक मुलगा आहे ते. इतकी वर्षं जेवायला नाही आला तो!"

आजूबाजूच्या बायकांनी जपमाळा थांबवल्या. बेलचे कान तापले.

"मला त्याला खांदा द्यायचाय," तो हळूच म्हणाला. "तेवढंच."

"सहा जण ठरलेत. क्लबातली माणसं आहेत. त्याच्याकडून गिटार शिकलेली. तू मागे बस, शेवटच्या बाकावर. तिथून बाहेर पडायला सोपं पडतं, आणि तुला त्याची सवय आहे."

प्रार्थनेला चर्चमध्ये बेल शेवटच्या बाकावर जाऊन बसला. पाद्री बोलत होता ते त्याला ऐकू येत नव्हतं. पुढच्या बाकांवर क्लबातली माणसं दाटीवाटीनं बसली होती, एकमेकांना रुमाल देत होती, नाकं शिंकरत होती. त्याच्या बाकावर त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. आपण गेलो तर इथे किती बाकं भरतील, हा विचार मनात आला आणि त्यानं तो घाईघाईनं हाकलला.

प्रार्थना संपली आणि घोडं अडलं. पुढच्या उजव्या बाजूला विर्जिलिओ होता. त्यानं वाकून पेटीला हात घातला आणि "अगं आई गं" करत तिथंच अडकला. कंबर धरली. दोघांनी त्याला बाकावर बसवलं. अंत्यविधीवाला गृहस्थ हळू आवाजात म्हणाला, "पुढे एक खांदा हवा. पण उंच हवा, नाहीतर पेटी कलेल." क्लबातले उरलेले म्हातारे एकाहून एक बुटके. कुस्तोदियानं सगळीकडे पाहिलं आणि शेवटी मागच्या बाकाकडे पाहिलं.

"ये," ती म्हणाली. "उंची तरी ओरासिओएवढी आहे तुझी."

बेल जवळजवळ धावतच गेला. डाव्या खांद्यावर पेटीचा कोपरा बसला आणि लाकूड गालाला लागलं. शाळेत असताना हे दोघं भिंतीला टेकून उंची मोजायचे आणि रेघ एकच निघायची. तो ओरासिओला मनातल्या मनात म्हणाला, जड झालास रे. आणि त्याचे डोळे भरून आले. त्यात काही नाटक नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

आमच्याकडे नावाजलेला माणूस गेला की पेटी चर्चच्या दाराबाहेर येताना लोक टाळ्या वाजवतात. रडायचं ते आत. बाहेर टाळ्या. ओरासिओनं अर्ध्या बारेरूला गिटार शिकवली होती, तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. दार उघडलं. अंधारातून एकदम फेब्रुवारीचं पांढरं ऊन डोळ्यांवर आलं आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

बेलनं कितीतरी दिवसांत एवढ्या टाळ्या ऐकल्या नव्हत्या.

त्याचा उजवा हात मोकळा होता. तो वर गेला. बेलनं नेला नाही, तो गेला. हवेतून मूठ मिटली आणि कोटाच्या खिशात शिरली.

टाळ्या अडखळल्या. कोणीतरी फिस्सकन हसलं, कोणीतरी "शी!" म्हणालं. एक मोबाइल वर झालेला बेलला दिसला. मागून विर्जिलिओचा आवाज आला, "अरे गाढवा!" मूठ अजून खिशातच होती आणि बेलला ती बाहेर काढायचीसुद्धा लाज वाटत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, अशी वेळ. पण खांद्यावर ओरासिओ होता, पळूनही जाता येईना.

कबरस्तानात तो भिंतीपाशी लांब उभा राहिला. सरूच्या झाडाआड. माती पडल्याचा आवाज त्यानं तिथूनच ऐकला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. त्याच्या बाजूनं जाणारे जरा वळसा घेऊन जात होते. गर्दी पांगली की फाटकातून सटकायचं आणि पुन्हा या बाजूला तोंड दाखवायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

"तू."

कुस्तोदिया समोर उभी होती.

"चल घरी."

"कुस्तोदिया, माझ्याकडून... देवाशपथ, मला कळलंच नाही हात कधी..."

"चल म्हटलं ना. इथे मेलेल्यांसमोर तमाशा नको."

आता घरी नेऊन आपली खरडपट्टी काढणार, असं समजून तो खाली मान घालून तिच्यामागून चालला. घर तेच होतं. स्वयंपाकघरात तोच दगडी ओटा, फळीवर रेडिओ. तिनं शाल काढून ॲप्रन बांधला, पानकोबीचं सूप गरम केलं, वर सॉसेजची एक चकती टाकली आणि त्याच्यासमोर ठेवलं. स्वतः समोर बसली. बेलला चमचा उचलवेना.

मग तिचे खांदे हलायला लागले. बेलला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती. तोंडावर ॲप्रनचं टोक दाबून, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती.

"तो हात," ती म्हणाली. "तो मेला हात! अरे, तुझं गाणं रेडिओवर लागलं ना, की ओरासिओ असेल तिथून उठायचा. बटाटे सोलत असला तरी. शेवट आला की हात वर, मूठ, आणि खिशात. रोज. तुझी लाज काढायचा तो, आणि मी हसून हसून मरायची. आई अंथरुणाला खिळली होती ना, ती काही खायची नाही. तो तुझी नक्कल करायचा तेव्हा दोन घास खायची."

बेल तिच्याकडे बघत राहिला.

"रोज?"

"रोज म्हणजे, लागेल तेव्हा. आधी दिवसातून चारदा लागायचं. मग कमी झालं. मग लागायचं बंद झालं तेव्हा तो नुसताच करायचा. गेल्या महिन्यात आजारी होता, बिछान्यात पडल्या पडल्या केलं." तिनं डोळे पुसले. "आज तू दारात हात वर केलास आणि मला वाटलं, हाच उठला पेटीतून."

लिस्बनमधल्या त्या खोल्यांत त्यानं ओरासिओचं नावही काढलं नव्हतं. नाव काढायचं कोणाजवळ? आणि इथे, नदीच्या या बाजूला, या चार फुटांच्या स्वयंपाकघरात, तो स्वतःच इतकी वर्षं रोज येत होता. त्याला न विचारता, न सांगता. त्याच्यावर कोणी हसत होतं. घरातल्या माणसावर हसतात तसं.

"कर," कुस्तोदिया म्हणाली.

"काय?"

"ते. एकदा करून दाखव. आता कोण करून दाखवणार आहे मला?"

बेल उठला. कोट सरळ केला. हात वर केला, मूठ मिटली, खिशात घातली.

कुस्तोदिया हसली नाही. तिनं मान हलवली.

"नाही. तसं नाही. तू फार हळू करतोस. तो कसा..." ती टेबलाला धरून उभी राहिली. एक पाय पुढे टाकला, हनुवटी वर केली, एक भुवई उचलली आणि हात वीज पडावी तसा वर नेऊन टाळ्या पकडल्या, मूठ ॲप्रनच्या खिशात कोंबली आणि डोळा मारला.

बेलला क्षणभर कळेना आपण कोणाला बघतोय. तो भुवई उचलण्याचा माज त्याचाच होता, तेवीस वर्षांचा. पण डोळा त्यानं कधी मारला नव्हता. तो ओरासिओचा होता. दोघं तिथं उभे होते, म्हातारीच्या अंगात, पुन्हा एकाच उंचीचे.

आणि त्याच्या लक्षात आलं, चर्चच्या दारात सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या, आपण नाही. आपल्या खांद्यावर पेटी होती, आणि मोकळा हात आपण स्वतःसाठी वापरला.

त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सूप गार होत होतं, तो उभ्या उभ्या वाजवत होता, तळहात दुखेपर्यंत. कुस्तोदिया त्याच्याकडे पाठ करून ओट्यावर भांडी घासायला लागली. तिनं थांबवलं नाही, बराच वेळ.

"पुरे," शेवटी ती म्हणाली. "जा आता. सहाची बोट चुकेल तुझी."

पुन्हा ये, असं ती म्हणाली नाही. त्यानंही विचारलं नाही. बोटीत कामावरून परतणारे कोणी नव्हते, ते सगळे समोरून येणाऱ्या बोटीत होते. खिडकीपाशी बसून त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले, उघडे, आणि पाणी ओसरून काळा पडलेला काठ दिसेनासा होईपर्यंत ते तसेच राहू दिले.