गळ्यातलं फाटक

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. रेवणसिद्धाप्पांना त्याची सवय होती. पण त्यांच्या सात वर्षांच्या नातीच्या, शांभवीच्या गळ्यात रेल्वेचं फाटक होतं, आणि ते पडलेलं होतं. अडतीस वर्षं गेटमन राहिलेल्या माणसाला हे दिसतंच.

फाटक पडल्यापासून आवाज तिच्या कानाबाहेर रांगेत उभे राहिले. कुकरची शिट्टी, शाळेची घंटा, आईची हाक. मग हात लुळे पडले, मान छातीवर कलली, घास गिळेना. बोलणंही बंद झालं. श्वास तेवढा चोरवाटेनं जायचा.

"अन्नातलं एक पिवळं जीवनसत्त्व हिच्या पेशींत शिरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दारच बिघडलंय. अर्धा बिघाड आईकडचा, अर्धा बापाकडचा. औषध इतकं देऊ, की रेटून शिरेल."

"शिरेल ना?" शांभवीच्या आईनं, महादेवीनं विचारलं.

"बघू."

या 'बघू'चा आप्पांना भारी राग. त्यांनी खाटेखाली चपला काढल्या आणि ते नातीच्या घशात उतरले.

आत बाभळी होत्या. रुळांवर गवत माजलेलं. फाटकापुढे पिवळ्या बैलगाड्यांची नजर पोचणार नाही एवढी रांग. केबिनमध्ये एक गेटमन बसला होता. नाक थेट आप्पांचं.

"उघड."

"स्टेशनातून फाटक उघडायचा नंबर आला नाही."

"अरे, लेकरू गुदमरतंय!"

"नंबराशिवाय तुम्ही कधी उघडलंत?"

कधीच नाही. एकदा तर अडलेल्या बाळंतिणीची जीपही थांबवली होती. आप्पांनी त्याचा फोन उचलून बाभळीत भिरकावला आणि गाडीवानांना हाळी दिली, "रेटा रे! मी बघतो कोण अडवतंय!"

औषधाच्या नवव्या दिवशी, दुपारी, आप्पा हे सगळं वॉर्डातल्या बायकांना सांगत होते. शांभवीकडे पाठ करून. तिचा न ऐकणारा चेहरा त्यांना बघवत नसे.

"पिवळ्या धुळीत काही दिसेना. मग मी काय केलं? फाटकाला हात घातला, आणि एका हातानं उचललं, आभाळापर्यंत!" आप्पांनी हात उंच करून दाखवला.

"खोटं," मागून आवाज आला. गंजलेला. "फाटक हातानं उचलत नाहीत, आज्जा. चाक फिरवतात. तूच सांगितलंस."

महादेवीच्या हातातली वाटी खाली पडली. आप्पा वळले नाहीत. हात तसाच वर धरून उभे राहिले. खाली घेतला असता, तर फाटक पडलं असतं.