डावी कळी

तगरीची कळी. हिरवं बूड, पांढरं टोक, आणि खुडलं त्या जागी चिकाचा एवढासा थेंब – अंबाबाईनं तो अंगठ्यानं पुसला, आणि मग तिच्या लक्षात आलं की दुसऱ्या कळीचा आपण पुसलेला नाही. हात आपला आपण थांबला होता. डोक्याला न विचारता. गुरवाच्या घरात इतकी वर्षं काढली की आधी हाताला अक्कल येते, डोकं मागून येतं लंगडत... तिनं दुसरीही पुसली. मग वाटलं, पुसायला नको होती. मग वाटलं, अजून ठरलंय कुठं.

ठरायचं होतं दुपारी चारला, जाखमातेच्या देवळात. सरपंचपद यंदा आदिवासी बाईसाठी राखीव, आणि अर्ज दोन. एक वाडीवरच्या नंदाचा – आशाताई ती, घरोघर गोळ्या वाटत फिरते, तोंडानं फटकळ. दुसरा हिरूचा, जी मनोजच्या घरी धुणंभांडी करते आणि तुझा अर्ज कुणी भरला गं म्हणून विचारलं तर पदर तोंडाशी नेते. मनोजचा धंदा जमिनींचा. वाडीमागच्या उतारावर त्याला फार्महाऊसचे प्लॉट पाडायचेत, आणि त्याला पंचायतीचा ठराव लागतो. नंदा तो देणार नाही हे त्यालाही माहीत, नंदालाही. मतदान नको, गावात तंटे नकोत, आईला कौल लावू, असं सभेत मनोजच म्हणाला होता. आणि सगळ्यांच्या आधी नंदाची सासू, ठमी, उठून उभी राहिली... आई सांगंल ते आमाला मान्य. झालं. उजवी कळी पडली तर नंदा. डावी पडली तर नंदानं उद्या तीनच्या आत खालापूरला जाऊन अर्ज मागं घ्यायचा.

आणि कळ्या लावायच्या अंबाबाईनं. मुलगा मोहोपाड्याला कंपनीत, त्याची पाळी कधी सकाळची कधी दुपारची. नवरा, सहदेव, वारला गेल्या चैत्रात. म्हणजे गुरवकी म्हातारीच्या गळ्यात. गावानं चालवून घेतलं, कारण कळी कुणीही लावली तरी बोलणार आई, असं गाव समजतं.

आई. काळा दगड आहे तो, छातीएवढा, वरून गुळगुळीत, दोन्ही खांदे उतरते. पाण्याचं बोट लावून कळी खांद्यावर चिकटवायची – एक उजवीकडं, एक डावीकडं – आणि प्रश्न विचारून वाट बघायची. यातलं गुपित इतकं लहान आहे की सांगायची लाज वाटते. चीक पुसून भरपूर पाणी लावलं तर कळी घसरते. चीक ठेवला तर ती बसते, चिकटून, दिवेलागणीपर्यंत. बास. एवढ्यावर गाव चाललं. लग्नं जमली, बांध सरकले, भाऊ वेगळे झाले.

लग्नानंतर सहा महिन्यांनी तिनं ते बघितलं, आणि सहदेवला विचारलं, तर तो हसला. आई बोलते ती माझ्या बोटातनं, म्हणाला. मग ती नाहीच का? त्यानं विडी पेटवली, चौक गावातल्या गॅरेजात बसून वाचलेला जुना पेपर घडी करून खिशात घातला, आणि म्हणाला, मला तरी कदी दिसली नाय. इतक्या सहज... जसं काही हरवलेल्या शेळीबद्दल बोलतोय. मग सोडा की गुरवकी, ती म्हणाली होती. तिच्या पायाखालची जमीन गेली होती, आणि हा माणूस विडी ओढत होता.

“सोडली तर दुसरा कुनी बोलंल, अंबे. त्याचं बोट कसं असंल कुनाला ठाव.”

त्याचं बोट चांगलं होतं. वाडीच्या बायांना गावच्या विहिरीवर पाणी भरू द्यावं का, म्हणून कौल लागला तेव्हा उजवी कळी अशी पडली की जणू कुणी टिचकी मारली. ठमी तेव्हा नवी नवरी होती. तिनं देवळाबाहेरूनच जमिनीला डोकं टेकलं, आणि अजून ती आईचे उपकार मानते. सहदेवचे कुणी मानले नाहीत. त्याला ते हवेही नव्हते... हवे असतील? कधी विचारलं नाही.

आता विचारायला कुणी नाही. अंबाबाई गोष्टी सांगते, पहिल्यापासून सांगत आली. सहदेव एकदा असा शिंकला की खोपोलीचं पॉवरहाऊस बंद पडलं आणि साहेब लोक नाक शोधत गावात आले. पुराच्या साली आमची म्हैस वाहत उरणला गेली, तिथं आठवडाभर राहिली, आणि शिंगांना बोंबील लटकवून एसटीनं परत आली – कंडक्टरनं अर्धं तिकीट घेतलं, कारण ती उभ्यानं आली. पोरं लोळतात हसून. मोठी माणसंही थांबतात. आज कितव्या नंबरची थाप, आजी, असं विचारतात, आणि तिला बरं वाटतं. खोटं सांगताना तिचे हात स्वच्छ असतात. सगळ्यांना माहीत असतं ते खोटं आहे.

काल मनोज आला होता. हातात साडी, मोतिया रंगाची, आणि तोंडात देवळाचा नवा कळस. आजोबांच्या मागं तुमीच हाय आता, असं बरंच काही बोलला, आणि जाता जाता म्हणाला, आजी, तुमचा हात हलका हाय, गाव म्हणतं. म्हणजे याला कळलंय. किंवा कळलेलं नाही, नुसता वास आलाय. ती म्हणाली, हात इतका हलका की परवा वाऱ्यानं उडाला, बाभळीवरनं काढून आणला. तो हसला. साडी ठेवून गेला. ती अजून पेटीवर पडली आहे, घडी न मोडता.

आणि आज सकाळी नंदा. गोळ्यांची पिशवी खांद्याला, पायरीवर बसली, चहा नको म्हणाली. अंबाबाईला मनातून गंमत वाटत होती – किती दिवसांनी असं काही करायला मिळणार होतं – आणि तिनं तिला जवळ ओढून, कानात, चिकाचं सगळं सांगून टाकलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाली, तू निर्धास्त जा, उजवी पडंल.

नंदा खूश झाली नाही. कळीकडं बघत बसली.

“मला उजवी नको, आजी.”

“खुळी का काय तू? मी देते ती घे की.”

“आज तुमी पाडाल. पुढच्या बारीला तुमी नसाल. मग मनोजचा मानूस पाडंल.” तिनं पिशवीचा पट्टा सारखा केला. “मला मतं पायजेत. हरले तरी चालंल. तुमी तिथं उभं राहून सांगून टाका, ह्ये पानी हाय म्हनून.”

आईवर तुझा भाव नाही का गं, असं अंबाबाईनं विचारलं. स्वतःचा आवाज तिला सासूसारखा वाटला.

“काय म्हाईत. तापाच्या पोराला आईचं नाव घेऊनच गोळी देते मी. पन गोळी देतेच.”

अंबाबाईनं नेहमीसारखं हसण्यावारी नेलं – मी सांगितलं तर कोण मानील बाई, म्हणतील म्हशीला तिकीट काढलं तसंच हे. नंदा उठली. जाताना पाया पडली, आणि वाकल्यावाकल्याच बोलली, म्हणून तिचं तोंड दिसलं नाही.

“येक तरी गोष्ट खरी सांगा, आजी.”

तापाच्या पोराला. मुद्दाम बोलली असेल का? नाही, तिला कुठून माहीत. तेव्हा नंदा जन्मलीही नव्हती. गावाला माहीत आहे ते एवढंच की गुरवाची लेक जना सात वर्षांची असताना तापानं गेली. पोरांनी एकदा विचारलं, जना कोण, तर अंबाबाई म्हणाली, आमची जना घाटातल्या ढगावर बसून पुण्याला गेली, तिला अजून परतीची गाडी मिळाली नाय. पोरं हसली. सहदेव दारात उभा होता. तो वळून आत गेला.

खरी गोष्ट अशी. ही मी कुणाला सांगितलेली नाही. ताप चौथ्या दिवशी चढला, आणि सासूबाई म्हणाल्या, कौल लावल्याशिवाय पोर घराबाहेर न्यायची नाही. उजवी पडली तर पनवेलला न्यायची, डावी पडली तर अमावास्या टळेपर्यंत थांबायचं. ह्यांना काय, ह्यांना उजवी पाडायची होती, ह्यांचं ठरलेलंच होतं, हे परड्यात कळ्या खुडत होते आणि मी मागून गेले. माझं वय पंचविशीचं. देव नाही हे ह्यांनी मला सांगितलं होतं, पण सांगून जातो का देव? माझा गेला नव्हता. मला भीती वाटली – आजवर सगळं ह्यांच्या बोटानं चाललं, पण ही माझी पोर आहे, हिच्या बाबतीत फसवलं आणि आई कोपली तर... मी ह्यांचा हात धरला. म्हटलं, या खेपेला हात घालू नका. या खेपेला मला खरीखुरी आई बोलायला हवी. माझी शपथ आहे.

ह्यांनी माझा हात सोडवला. मग म्हणाले, बरं.

दोन्ही कळ्यांचा चीक पुसला. दोन्हींना सारखं पाणी. आजवर त्या देवळात आईला खरं विचारलं ते त्या एकाच वेळी – आणि डावी पडली.

तीन दिवस थांबलो. मग दगडाच्या खाणीचा ट्रक मिळाला. पनवेलच्या वाटेवर, चौक गावापर्यंत, तिची मान माझ्या हातात गरम होती.

त्यानंतर... सहदेव तिला त्यावरून कधी बोलला नाही. कधीच. बोलला असता तर बरं झालं असतं. अंबाबाईनं मात्र त्या दिवसापासून आईला सोडून दिलं – दिवा लावते, न्हाऊ घालते, पण मनानं सोडलं – कारण आई नसेल तर ते नुसतं पाणी होतं, आणि एका अडाणी पोरीचा हट्ट, आणि त्याच्यासकट जगता येतं कसंबसं. आई असेल तर तिला सगळं दिसत होतं. दिसत असून तिनं डावी पाडली. तशी आई असण्यापेक्षा नसलेली बरी. सहदेव वाचून वाचून जिथं पोचला होता तिथं ती अशी पोचली, अनवाणी.

एक गोष्ट मात्र तिला आयुष्यभर टोचत राहिली. कळ्या लावून झाल्यावर सहदेवनं हात जोडले होते. ज्यानं कधी जोडले नाहीत, पोटापुरती घंटा वाजवली, त्यानं त्या दिवशी छातीशी हात जोडून, डोळे मिटून... म्हणजे एकदाच मानलं होतं त्यानं, पोरीसाठी, आणि तेव्हाच आईनं तोंड फिरवलं. त्याच्यात एकदाच उगवला तो भावही मी मोडला, असं तिला वाटायचं.

चारला देऊळ भरलं. मनोज पुढं, पांढऱ्या कपड्यात. हिरू खांबाआड. ठमी आता उंबऱ्याच्या आत बसते. पदर पसरून बसली होती आणि ओठ हलत होते. नंदा दाराशी, पिशवीसकट, सरळ अंबाबाईकडं बघत. पूजेचं पाणी तांब्यात. प्रश्न विचारून झाला.

अंबाबाईनं कळ्या तळहातावर घेतल्या. दोन्ही पुसलेल्या. पाण्यात बोट बुडवायचं होतं – उजवीला जास्त, की दोन्हीला सारखं, की... ती दगडाच्या समोर उभी राहिली, त्याच जागी, आणि तिची मान खाली गेली, आणि तिला आपलेच हात दिसले. छातीशी. उजव्या हातानं डावा मनगटाशी धरलेला, घट्ट, नखं रुतेपर्यंत, आणि धरलेला हात ओढ घेत होता, कारण त्याला पुढं जायचं होतं. त्याला नंदाची कळी पाडायची होती. त्याला कुणाचं ऐकायचं नव्हतं.

असे होते सहदेवचे हात. असेच होते, अगदी.

तिनं मागच्या कोपऱ्यातून, तिरकं बघितलं होतं त्या दिवशी. तिथून हात जोडल्यासारखेच दिसतात. तो कुणाला विनवत नव्हता. त्यानं एका हातानं दुसरा धरून ठेवला होता – डावी कळी हलायला लागली तेव्हा, एक बोट पुढं केलं असतं तर पुरे होतं तेव्हा – तिनं घातलेल्या शपथेसाठी, जिच्यावर त्याचा विश्वास नव्हता. आणि डोळे मिटले होते ते बघवत नव्हतं म्हणून.

हे त्याला किती जड गेलं असेल... आणि ती इतकी वर्षं त्याच्या भाताबरोबर त्याला काय वाढत होती? दया. आणि पोरांना ढगाची गोष्ट.

“आजी, पानी,” मागून मनोज म्हणाला. तांब्या कुणीतरी पुढं सरकवला.

कळ्या हातात सुकत चालल्या होत्या. कोरडी कळी कुठंच चिकटत नाही. अंबाबाई वळली. दगडाकडं पाठ करून ती कधी उभी राहिली नव्हती, या बाजूनं देऊळ फारच लहान दिसत होतं, आणि सगळी माणसं तिच्याकडं तोंड करून. तिचा चेहरा बघून पुढच्या दोघा-तिघांच्या ओठांवर हसू आलंच – आजी आता काहीतरी सोडणार. ठमीनं पसरलेला पदर तसाच होता. विहिरीचं पाणी, ठमे, तुला कुणी दिलं... नाही, ते नंतर. आधी दुसरं.

“आमची जना व्हती,” ती म्हणाली, आणि थांबली, कारण पुढं ढग आला होता, सवयीनं, जिभेच्या टोकावर, आणि तो गिळायला वेळ लागत होता. कुणीतरी खुदकन हसलं. तिला राग आला नाही, ही गोष्ट ती खरी सांगणार होती. तिनं डावा हात सोडला. मनगटावर नखांचे चार चंद्र उमटले होते, आणि अवो, हे किती दुखतं, असं तिनं मनातल्या मनात कुणाला तरी सांगितलं, जो नव्हता.