ब्रूनो जिवंत आहे

"अवं, तिला बघा ना आधी," भागूबाई म्हणाली.

"हात हलवू नको. सहा मिनिटं झाली."

उत्तमराव गजभारे तांब्यानं पाणी ओतत होते. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, म्हणून ड्रममधलं पाणी घेतलं होतं. भागूबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठ्याखालचा मांसल भाग फाटला होता. साबण लावायचा, पाणी ओतायचं, पुन्हा साबण. मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढून मोरीच्या कठड्यावर समोर ठेवलं होतं.

त्यांची कुत्री चिन्नी मागच्या दाराच्या पायरीवर पडली होती. तिचं पोट जोरजोरात वरखाली होत होतं.

"मी धुती हात. तुमी जावा तिच्यापाशी."

"तू दोन मिनिटं धुशील. पंधरा लागतात."

अकराव्या मिनिटाला चिन्नी गेली. ते भागूबाईला कळलं, कारण ती तिकडं पाहत होती. उत्तमराव घड्याळाकडं पाहत होते. अजून चार मिनिटं उरली होती. पाणी तेवढं ओतलं जात राहिलं.

ही मार्च १९९८ची गोष्ट. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत गजभाऱ्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. उत्तमराव मूळचे देगलूरकडचे. एका सरकारी दवाखान्याच्या कुत्रा चावलेल्यांच्या इंजेक्शन रूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं काम केलं आणि दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. मुलगी मीना लग्न होऊन नांदेडला गेली, त्याच वर्षी भागूबाईनं दूधवाल्या बाईकडून एक पांढरं पिल्लू आणलं. चिन्नी म्हणजे तेलुगूत लहानगी. ते नाव दूधवालीनंच ठेवलं होतं. नऊ वर्षं भागूबाई रोज सकाळी सहाला तिला रेसकोर्सच्या भिंतीपर्यंत नेऊन आणत होती.

समोरच्या घरात सहा महिन्यांपूर्वी पुण्याचं जोडपं राहायला आलं होतं, किशोर आणि मेधा. किशोर बेगमपेठेतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्यांच्याकडं ब्रूनो नावाचा काळा डॉबरमन होता, आणि फ्लॅटमध्ये एवढा कुत्रा कुणी ठेवून घेईना, म्हणून त्यांनी हे बैठं घर घेतलं होतं. आल्या दिवशी मेधा मराठी ऐकून हरखली होती. "अय्या, तुम्ही आपलेच की!" किशोरनं आडनाव विचारलं. उत्तमरावांनी सांगितलं. "अच्छा अच्छा, मराठवाड्यातले," किशोर म्हणाला. त्यानंतर बोलणं फाटकापाशी व्हायचं, आणि तिथंच संपायचं.

ब्रूनो याआधी दोनदा चिन्नीच्या अंगावर धावून आला होता. दोन्ही वेळा किशोरनं त्याला पट्ट्याला धरून मागं ओढलं आणि "खेळतोय तो" असं सांगितलं. त्या सकाळी नवी मोटार बाहेर काढायला फाटक उघडं होतं आणि पट्टा कुणाच्याच हातात नव्हता. ब्रूनोनं चिन्नीला मानेला धरून झटकलं. भागूबाईनं त्याच्या जबड्यात हात घातला.

दुपारी किशोर आला. दारातच उभा राहिला.

"काका, मला काय बोलावं कळत नाहीये. ब्रूनो असा नाहीये हो."

"त्याला इंजेक्शन दिलेलं आहे?"

"पुण्यात दिलं होतं. दोन वर्षं झाली असतील. कार्ड शिफ्टिंगमध्ये कुठं गेलं… पण तुम्ही काळजी करू नका. आज संध्याकाळीच त्याला शमीरपेठला मित्राच्या फार्मवर पाठवतो. काकूंना तो परत दिसणार नाही."

"नका पाठवू."

किशोरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"फाटकाच्या आत साखळीनं बांधा," उत्तमराव म्हणाले. "दहा दिवस. रोज सकाळी सव्वासहाला मी येऊन बघणार."

"म्हणजे तुम्ही केस करताय का?"

"केस नाही हो. बायको आहे माझी."

मग त्यांनी दवाखान्याच्या खिडकीतून हजारो लोकांना सांगितलेलं पुन्हा सांगितलं. चावताना कुत्र्याच्या लाळेत रोग असेल, तर ते कुत्रं दहा दिवसांत मरतं. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावा निर्धोक. लस सुरू झाली होती. पोटातली चौदा इंजेक्शनं उत्तमरावांनी जन्मभर लोकांना दिली, पण बायकोसाठी ते शहरातल्या कोठी भागात जाऊन नवी, दंडात घ्यायची लस बर्फात घालून घेऊन आले. सोबत जखमेत द्यायचं सीरम मात्र त्या आठवड्यात शहरात कुठंच मिळालं नाही. आणि बोटांवरचा खोल चावा वाईट. लस घेऊनही गेलेली बोटांवरच्या चाव्याची दोन माणसं त्यांनी पाहिली होती. हे शेवटचं त्यांनी किशोरला सांगितलं नाही. भागूबाईला सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं ती त्यांच्याकडून हेच ऐकत आली होती.

संध्याकाळी गल्लीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी अप्पाराव आले. त्यांच्या नातवावरही ब्रूनो एकदा धावून गेला होता.

"गजभारे साब, मुन्सिपाल्टी की गाडी बुलाता मैं. कल सुबह आके लेके जाती. खतम."

"दस दिन रुको."

"दस दिन कायकू? तुमारी कुत्ती को मारा, अम्मा का हाथ फाड़ा, और तुम उसको पालते बैठते?" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पूनावाले ने कुछ दिया क्या?"

"दस दिन बाद बोलो," उत्तमराव म्हणाले आणि चिन्नीला पुरायला खड्डा खणत होते तिकडं परत गेले.

एकतीस वर्षांत त्यांनी चावे पाहिले, कुत्री कधी पाहिली नव्हती. माणसांना ते सांगायचे, दहा दिवसांनी येऊन कळवा. कुत्रं मेलं की माणसं धावत यायची. कुत्रं जगलं की कुणीच कळवायला येत नसे. त्यामुळं दहा दिवस जगलेलं कुत्रं कसं दिसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला ते समोरच्या फाटकाबाहेर उभे राहिले. ब्रूनो साखळी ताणून भुंकला. आवाज फुटलेला नव्हता. जबडा मिटत होता. मागचे पाय नीट पडत होते. मेधानं भांड्यात दूध-पोळी आणून ठेवली. त्यानं खाल्ली.

"पाणी दाखवू का काका? पाण्याला घाबरतात ना?"

"ते माणसांचं. कुत्रं पाण्याला भीत नाही."

तिसऱ्या दिवशी मेधानं एक खुर्ची आणून फाटकाबाहेर रस्त्यावर ठेवली. "बसा ना."

"उभ्यानं बरं दिसतं," उत्तमराव म्हणाले.

घरी आले की भागूबाई विचारायची, "हाय का?"

"हाय."

दोघांचं एवढंच बोलणं. मग उत्तमराव कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचे: जिवंत. चिन्नीबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. तिची साखळी खुंटीवरून भागूबाईनं काढली की त्यांनी, हेही कुणी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी ब्रूनो भुंकला नाही.

तो भिंतीला टेकून पडला होता. डोळे अर्धवट मिटलेले. तोंड उघडं, आणि लाळेची तार फरशीपर्यंत लोंबत होती. मेधानं भांडं पुढं सरकवलं, तर त्यानं नुसतं नाक लावलं. उठायला गेला तेव्हा मागचे पाय दुमडले.

या रोगाचा एक मुका प्रकार असतो. त्यात कुत्रं चवताळत नाही, गप्प होतं. जबडा लुळा पडतो, मग मागचे पाय जातात. उत्तमरावांनी ते पुस्तकात वाचलं होतं. पाच मिनिटं ते तिथं उभे राहिले. मेधा फाटकाच्या आत खाली मान घालून उभी होती.

"हाय का?" भागूबाईनं विचारलं.

"हाय."

"मंग तोंड असं कामून केलंव?"

ते तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. "आजारी दिसतोय. खाल्लं न्हाई त्यानं."

भागूबाईनं डाव्या हातानं डाळीखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाली, "मीनाला कळवायचं का?"

"संध्याकाळी परत बघतो. मग."

"हिंग मागच्या डब्यात हाय. पुढं दिसती ती मेथीची पूड. वास घेऊन बघायचं, नुसतं बघून कळत न्हाई."

"मला कशाला सांगती?"

"असंच," भागूबाई म्हणाली.

त्यांच्यानं संध्याकाळपर्यंत थांबवेना. अकरालाच ते परत गेले. मेधा फाटकापाशीच होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"काका, गोळ्या दिल्यात त्याला. रात्री. दोन."

"कसल्या गोळ्या?"

"झोपेच्या. किशोरनं दिल्या. रोज तुम्ही आलात की तो अंगावर येतो, ते तुम्ही बघता आणि घरी जाऊन लिहिता, असं किशोरला वाटलं. शांत दिसला तर तुम्हीही शांत व्हाल म्हणून… मला सकाळीच सांगायचं होतं."

उत्तमरावांनी फाटकाचा गज धरला. त्यांना गल्लीत कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. दवाखान्यात राग यायचा तो दखनीत यायचा, आताही तसाच आला.

"कायकू दिये? कायकू?" त्यांचा आवाज चिरकला. "अगं, भुंकू दे त्याला! येऊ दे अंगावर! तो जसा हाय तसा पायजे मला!"

समोरच्या दोन घरांची दारं उघडली. मेधा "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली.

सहाव्या दिवशी सकाळी ब्रूनो साखळी ताणून फाटकावर आदळला. सगळे दात दाखवत, गळ्याच्या शिरा फुगवून भुंकत राहिला. उत्तमराव त्याच्याकडं पाहत राहिले. मग त्या खुर्चीवर बसले.

"हाय का?"

"हाय. लई भुंकला."

त्या दिवशी भागूबाईनं त्यांच्याआधी जेवायला वाढून घेतलं.

दहाव्या दिवशी कॅलेंडरवरचा दहावा चौकोन भरला. भागूबाईची पुढची इंजेक्शनं थांबवता येणार होती. उत्तमरावांनी तसं मेधाला सांगितलं. तिनं आत जाऊन किशोरला सांगितलं. किशोर बनियनवरच बाहेर आला.

"काका, थँक गॉड. ऐका ना, सिकंदराबादला माझ्या ओळखीचा एकजण आहे, त्याच्याकडं पॉमेरियनची पिल्लं आलीत. रविवारी काकूंसाठी एक…"

"नको."

"निदान बघा तरी."

"नको म्हटलं ना."

नऊच्या सुमारास अप्पाराव आले. त्यांच्या हातात इंग्रजीत टाइप केलेला अर्ज होता. खाली अकरा सह्या होत्या आणि पहिली जागा रिकामी ठेवली होती.

"हो गए दस दिन. अब तो दस्तखत करो."

उत्तमरावांनी चष्मा लावून अर्ज वाचला. गल्लीतला पिसाळलेला कुत्रा ताबडतोब नेऊन नष्ट करावा, असं त्यात लिहिलं होतं.

"ये पागल कुत्ता नहीं है."

"अरे साब, पागल लिखेच तो गाडी आती. पाले हुए कुत्ते के लिए कौन आता?"

"दस दिन मैं देखा. पागल नहीं है."

"एक लफ्ज का तो सवाल है."

"वो लफ्ज मैं नहीं लिखता."

"तुमारीच कुत्ती मरी, साब," एवढं म्हणून अप्पारावांनी कागदाची घडी घातली.

ते गेल्यावर उत्तमराव टेबलाशी बसले. स्वतःच्या अक्षरात त्यांनी मराठीत एक कागद लिहिला. तारीख, वेळ. फाटक उघडं होतं. कुत्रा बांधलेला नव्हता. त्यानं आमची कुत्री मारली आणि माझ्या पत्नीच्या उजव्या हाताला चावा घेतला. याआधी दोनदा तो धावून आला होता. दहा दिवस पाहिला, निरोगी आहे. यापुढे तो साखळीशिवाय आणि तोंडाला जाळी बांधल्याशिवाय बाहेर दिसू नये. कागद घेऊन ते समोर गेले. फाटकापाशी थांबले नाहीत, आत गेले. किशोरनं बसा म्हणायच्या आधी मेधानं सोफ्यावरची वर्तमानपत्रं उचलली.

किशोरनं कागद दोनदा वाचला. "याचं काय करणार तुम्ही?"

"घरात ठेवणार. खरं असलं तर सही करा."

"'गेट चुकून उघडं राहिलं', असं लिहूया का?"

"चुकून की कसं, ते मी बघितलं नाही. उघडं होतं, ते बघितलं."

किशोरनं मेधाकडं पाहिलं. मेधानं त्याच्या हातात पेन दिलं. त्यानं सही केली, आणि न विचारता तिनंही खाली केली.

भागूबाईला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंव, वाचा," ती म्हणाली. उत्तमरावांनी वाचून दाखवलं.

"कुत्री लिवलंव?"

"कागदात तसंच लिहितात."

"नाव लिवा तिचं."

"सह्या झाल्या, भागू. सही झाल्यावर कागदात काही घालायचं नसतं."

भागूबाई पदर तोंडाशी धरून भिंतीकडं पाहत बसली. दहा दिवसांत ती पहिल्यांदाच अशी बसली होती.

उत्तमरावांनी वहीतून दुसरा कोरा कागद फाडला. समोर ठेवलेल्या कागदावरून तारखेपासून सगळं पुन्हा लिहायला घेतलं. हाही घेऊन सह्यांसाठी परत समोर जावं लागणार होतं. पंख्यानं कागद उडायला लागला, तेव्हा भागूबाई उठून आली आणि तिनं आपला पट्टी बांधलेला हात त्याच्या कोपऱ्यावर ठेवला. तिसऱ्या ओळीपाशी उत्तमराव थांबले. चष्मा काढून पुसला. मग तिच्या बोटांना धक्का लागू न देता त्यांनी लिहिलं: चिन्नी, वय नऊ वर्षं.