सोनाराची फुंकर

आमचे हे सोनार. उभा जन्म फुंकणी तोंडात धरून गेला, आणि फुंकणी नसेल तेव्हा सिगारेट. फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा मी आधी भांडले, मग रडले.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. "गाठ लहान असतानाच सापडली, ही जमेची बाजू. सिगारेट आजपासून बंद. पण ऑपरेशननंतर उरलेल्या फुप्फुसावर निभेल का, ते श्वासाच्या चाचणीत कळेल. त्यात कमी पडलात, तर ऑपरेशन करणार नाही."

सिगारेट ह्यांनी सोडली. घर डोक्यावर घेतलं, पण सोडली. चाचणीत मात्र नापास! यंत्रापाशी बसलेली मुलगी ओरडतेय, "काका, जोरात फुंका, जोरात!" आणि हे आपले डोळे बारीक करून शांतपणे नळीत फुंकताहेत. पडद्यावरची रेघ काही वर चढेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मुलगी माझ्याकडे बघायचं टाळू लागली.

ते बारीक केलेले डोळे मी रोज बघते. एकदम लक्षात आलं. "अहो, समोर दागिना नाहीये! सांधा जोडायचा नाहीये तुम्हाला!"

जोरात फुंकलं की सोन्याचे कण उडतात. वडिलांचे फटके खाऊन हे बारीक, लांब फुंकर शिकलेले. दुसरी फुंकर ह्यांना ठाऊकच नाही.

"मग कसं फुंकू?"

"माझा भाऊ समोर आहे, त्याला उडवून लावायचंय असं समजा."

अशी काही हवा सुटली की रेघ टुणकन वर गेली. मुलगी हसत सुटली. मीही हसले.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि ह्यांना माझ्या अंगठीची घाई सुटली. लग्नापासून "करू सावकाश" चाललेलं, आणि आताच घाई! मी काय ते ओळखलं. शेवटचा सांधा उरला असताना अंगठी हातातून काढून घेतली. "परत येऊन जोडा," म्हटलं.

परत आले. कॅन्सर पुढे पसरलेला नव्हता. "रोज चाला, तपासण्या चुकवू नका. पहिली काही वर्षं जपायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हमी त्यांनी दिली नाही. मीही मागितली नाही, धीरच झाला नाही.

श्वासात पुरेसं बळ आलं तसे हे कामाला बसले. फुंकर मध्येच तुटली. थांबले, श्वास घेतला, पुन्हा फुंकलं. सांधा जुळला.

मी अंगठी घालून बघितली. "सैल होतेय की हो! इतक्या वर्षांत बायकोच्या बोटाचं माप कळू नये?"

"माप चुकलेलं नाही. म्हातारपणी तुझी बोटं जाड होणार. तेव्हा पुन्हा माझ्याच मागे लागशील."

मी आत जाऊन अंगठीला दोरा गुंडाळला, आणि घातली.