आमायी नाबांडाच्या नातवासाठी गाणं

आमायी नाबांडाचा नातू गेल्याचं कळलं तेव्हा मी पोराला पाजत होते, आणि मला आनंद झाला. पोर गेल्याचा नव्हे. तो अडीच वर्षांचा, माझ्या दारात येऊन भाजलेलं कणीस मागायचा. आनंद याचा, की आता ती माझ्या हातात सापडली.

चार वर्षांपूर्वी मला लग्नाआधी दिवस गेले. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपुढे माझ्याविरुद्ध सगळ्यात मोठ्याने बोलली ती हीच, जिला सगळं गाव आमायी, म्हणजे आई, म्हणतं. मला शिस्तीखाली ठेवलं. शेवटचा बाक, प्रभुभोजन नाही. आमचं लग्न लागलं तरी मुदत संपेना, आणि त्यातच माझी पहिली मुलगी अकराव्या दिवशी गेली. आमच्याकडे महिला मंडळ पांढरे ब्लाउज, काळे परकर घालून कबरीशी गातं, तेव्हाच आपल्या माणसांनी निरोप दिल्यासारखं होतं. शिस्तीखालच्या घरी मात्र गणवेश जात नाही. तो नियम माझ्याच अंगणात उभं राहून सांगितला तोही हिनेच. बायका साध्या कपड्यांत आल्या आणि गप्प उभ्या राहिल्या. एवढ्याशा पेटीवर माती पडल्याचा केवढा आवाज होतो, ते मी तेव्हा ऐकलं.

आता तीच शिस्तीखाली होती. नातवाचा ताप उतरेना म्हणून चोरून वैदूकडे गेली, त्याच्या मनगटावर ताईत बांधून आणला, आणि तो पाळकांच्या बायकोने पाहिला.

मंडळाच्या अध्यक्षा एनेलेसीमावशी मक्याच्या पिठाची टोपली डोक्यावर घेऊन दारात आल्या. "फालेसी, गणवेश घालायचा का गं? पाळक म्हणालेत, लहान पोर आहे, मी कानाडोळा करीन."

"मला काय विचारता?"

"गाणं तूच उचलतेस. आणि जिचं दुखलंय तिलाच विचारावं. तू नको म्हणालीस तर मी तरी नावं ठेवणार नाही. मलाही तिने भर लग्नात सुनावलंय, मी रांधलेल्या न्सिमाच्या उकडीत गुठळ्या आहेत म्हणून."

"नको," मी म्हटलं. "नियम तो नियम."

"वा. अगदी तिच्यासारखी बोललीस."

पोराला पाठीशी बांधलं आणि निघाले. ती विनवणी करील, मग काय म्हणायचं, ते वाटभर जुळवत होते. आवाज चढवायचा नाही, नुसता तिचाच नियम तिला ऐकवायचा.

तिच्या घरात बायका चटईवर बसल्या होत्या, मध्ये छोटी पेटी. ती भिंतीपाशी ताठ. आमचे साधे कपडे पाहून तिने मान हलवली.

"बरोबर केलंत. मीच निरोप धाडणार होते. मी शिस्तीखाली आहे. गाणं मागायचा मला हक्क नाही."

माझी जुळवलेली सगळी वाक्यं फुकट गेली. न मागितलेलं नाकारायचं कसं? ही नियमाने जगली, नियमानेच पोर पुरणार, आणि कुणापुढे न वाकता तशीच ताठ घरी येणार. ते मला सोसेना. हिला खरंच कुठे लागेल, ते मला त्याच क्षणी दिसलं.

"मावशी, बायकांना घरी पाठवा. गणवेश घालून येऊ देत."

"आत्ता? अगं, पाळकांनी कानाडोळा केला तरी वडीलधारी आपल्या सगळ्यांना शेवटच्या बाकावर बसवतील."

"बाक लांब आहे."

नाबांडाने मान वर केली. "फालेसी, असं करू नकोस. माझा हक्क नाही."

"नाहीच," मी म्हटलं. "म्हणूनच."

थोबाडीत द्यावी तसं म्हटलं. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती दिसली, आणि मला ती आवडली.

कबरीशी मी गाणं उचललं ते तिच्याकडे बघत. कृपा हा शब्द आला की दगड भिरकावावा तसा फेकत होते. पाळक रविवारी कृपा म्हणायचे तेव्हा मला कोमट दुधासारखं काहीतरी वाटायचं. तसं नाही ते. ती ताठ बाई दुसऱ्या कडव्याला मोडली आणि मातीत बसली. पाठीवरचं पोर जागं होऊन माझ्या मानेवर लाळ गाळत सुरात सूर मिसळू लागलं, आणि माझाच आवाज फुटला. चाळीस बायका पांढऱ्या ब्लाउजांत गात होत्या, आणि मला ऐकू येत होतं ते माझ्या अकरा दिवसांच्या पोरीसाठीचं गाणं. मी आले होते मारायला. मन साफ आहे का, असं मला कुणीच विचारलं नाही. मिळालं ते मिळालं.

बायका पांगल्यावर ती माझ्यापाशी आली. हात मातीचे. चुकलं, असं म्हणाली नाही.

"तुझ्या मुलीचं नाव काय होतं?"

बाप्तिस्मा झाला नव्हता, त्यामुळे ते नाव मंडळीत कुणी घेतलंच नव्हतं. तिला नाकारण्यासारखं माझ्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

"चार वर्षं लागली विचारायला."

"हो."

मी तिला उन्हात तशीच उभी ठेवली. ती हलली नाही. पोराला सोडून पुढे घेतलं, त्याची मान पुसली, पुन्हा नीट बांधलं, तरी ती उभीच.

"डोरिका," मी म्हटलं.