सत्काराची सात मिनिटं

मी एक जुना वायरचा माईक आहे, मित्रांनो. कोथरूडच्या एका सभागृहात राहतो. नवा होतो तेव्हा कीर्तनं पोचवली, गाणी पोचवली. टाळ्या माझ्यासाठीच असतात असं मला वाटे. मग कॉलरला लावायचे इवलेसे माईक आले आणि मी खोक्यात पडलो.

यंदा तिथे समाजमाध्यमांची परिषद भरली. विषय होता, 'थोडक्यात कसे सांगावे'. छोटे माईक कमी पडले म्हणून सभागृहाचा ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या अभयने मला बाहेर काढलं.

दीपप्रज्वलन, परिचय, शाल-श्रीफळ यांतच सकाळ सरली. शेवटच्या वक्त्या कौशल्याताई, वारज्याजवळच्या नदीकाठच्या. खडकवासला धरणातून पाणी सुटलं की त्या फोनवर बोलून वस्तीला निरोप धाडतात. पाणी सोडल्याची सरकारी सूचना मुळातच लेखी नव्हे, बोलकी यावी, एवढं मागायला त्या आल्या होत्या. त्यांच्या वाट्याला दोनच मिनिटं उरली.

सूत्रसंचालक उत्कर्षाताई म्हणाल्या, "आधी आपला सत्कार. मग दोन शब्द बोला. जेवण गार होतंय हो."

"सत्काराला किती येळ?"

"परिचय धरून सात मिनिटं."

"मग ती बोलायला द्या. शाल हाय घरी."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "चला, एकाला तरी विषय कळला."

कौशल्याताईंनी मला घट्ट धरलं. "पत्रक येतं दोन पानी. आमच्या गेनबातात्यांना वाचता येत न्हाई. मी गावाला गेले, फोन लागला न्हाई, तर त्यांना कोण उठवंल?"

पाटबंधारे खात्यात या सूचना लिहिणारे साईनाथ पहिल्या रांगेत होते. ते उठले. "मी आवाजात पाठवीन."

"आत्ता बोलून दावा." कौशल्याताईंनी मला साईनाथांच्या हाती दिलं.

"सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की..."

"यानं तात्या कूस बदलत्याल. उठायचे न्हाईत."

सभागृह हसलं. साईनाथ नाही हसले. त्यांनी मला ओठांजवळ आणलं. "तात्या, नदीला पाणी येतंय. म्हस सोडा. टेकाडावर चला."

"आता उठत्याल," कौशल्याताई म्हणाल्या आणि त्यांनी साईनाथांचा नंबर लिहून घेतला.

मित्रांनो, माझी वायर पिळू नका, मला धुळीत टाकू नका. आणि कार्यक्रमाची यादी कराल, तेव्हा ज्याला खरोखर काही सांगायचं आहे त्याच्या हाती मला जेवणाच्या तोंडावर नव्हे, सकाळीच द्या.